काशीमावशीचा आवाज, हातोहात

आमच्या मंदार सोसायटीच्या गच्चीवरून मोबाईलचा टॉवर उतरला, त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. टॉवरमुळे डोकं दुखतं, झोप उडते, कुंडीतली तुळस जीव धरत नाही आणि दहावीच्या मुलांचं गणित कच्चं राहतं, हे आमचे सेक्रेटरी श्यामसुंदरराव यांनी सर्वसाधारण सभेत पुराव्यानिशी मांडलं होतं. पुरावा म्हणजे त्यांची स्वतःची तुळस. टॉवर गेला. डोकी पूर्वीइतकीच दुखत राहिली, फक्त आता डॉक्टरला फोन लागेना.

आमची सोसायटी सीवूड्सच्या कडेला, करावे गावाला पाठ लावून उभी आहे. टॉवर गेल्यापासून नेटवर्क आमच्याकडे श्रीमंत नातेवाइकासारखं येतं. कधी येईल ते सांगत नाही, आलं की हातातली कामं टाकून उभं राहावं लागतं, आणि आपण तोंड उघडेपर्यंत ते निघालेलं असतं. पंपरूमच्या मागे एका फरशीवर ते त्यातल्या त्यात टिकतं. सकाळी त्या फरशीवर रांग लागते. पेन्शनसाठी आपण जिवंत आहोत हे फोनला चेहरा दाखवून सिद्ध करावं लागतं, ते करायला मी एकदा त्या फरशीवर उभा होतो. ऐन मोक्याला नेटवर्क गेलं आणि पडद्यावर आलं, 'खात्री होऊ शकली नाही'. मागे उभ्या असलेल्या लोकांनी ते वाचलं. माणूस जिवंत आहे की नाही याबद्दल सार्वजनिक शंका निघणं हे या वयात मनाला लागतं.

माझ्या मागे तिसऱ्या मजल्यावरची सुचिता उभी होती. ती महापेला कुठल्याशा कंपनीत आहे. जिथे नेटवर्क नसतं, किंवा असून नसल्यासारखं असतं, अशा ठिकाणी फोनांनी एकमेकांत काय करावं, हे ठरवायचं तिचं काम.

"काका, आपल्या बिल्डिंगमध्ये आमच्या ॲपची ट्रायल घेऊ या का? 'हातोहात' नाव आहे. इंटरनेट लागत नाही. एक फोन दुसऱ्याच्या जवळ आला की फाईल त्याला देतो. तो पुढच्याला देतो."

"मला समजेल असं सांग."

"पूर्वी गावाला निघालेल्या माणसाबरोबर चकल्या पाठवायचे ना? तसंच. ज्याचा फोन त्या बाजूला निघालाय त्याच्याकडे द्यायचं. पोचेल तेव्हा पोचेल."

"आणि वाटेत त्याने खाल्ल्या तर?"

"म्हणून तर फाईलचे तुकडे करतो, आणि प्रत्येक तुकडा दोघांदोघांकडे देतो. एकाने खाल्ला तरी दुसऱ्याकडे असतो."

मला कल्पना एकदम आवडली. निवृत्त माणसाला कल्पना आवडू नये, कारण त्याच्याकडे वेळ असतो. मी त्याच संध्याकाळी प्रचाराला निघालो.

शेजाऱ्यांचे प्रश्न मार्मिक होते. माझ्या फोनमध्ये दुसऱ्याची फाईल राहणार, तर तिचा मेंटेनन्स कोण भरणार? भाडेकरूच्या फोनमध्ये मालकाचा तुकडा गेला तर पुढे ताबा कुणाचा? पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंनी विचारलं की आमचा फोन शाकाहारी आहे, त्यात कुणाच्या मासळीचा व्हिडिओ येणार नाही ना? सुचिताने सगळ्यांना शांतपणे सांगितलं की तुकडे कुलपात असतात, ज्याच्या फोनमध्ये असतात त्यालासुद्धा दिसत नाहीत. हे ऐकून निम्म्या लोकांना हायसं वाटलं आणि निम्म्यांचा उत्साह गेला.

श्यामसुंदररावांनी हरकत घेतली. फोनांची देवाणघेवाण लिफ्टमध्ये आणि जिन्यात होणार, लिफ्ट आणि जिना ही सामाईक जागा, सामाईक जागेत देवाणघेवाण करायची तर ठराव लागतो. ठराव झाला. ठरावाला उपसूचना आली की देवाणघेवाण करताना सदस्यांनी कठड्याला टेकू नये. तीही मंजूर झाली. मग श्यामसुंदररावांनी स्वतःच्या फोनमध्ये ॲप घेतलं. "वापरासाठी नव्हे," ते म्हणाले, "देखरेखीसाठी."

आता खरी गंमत. एक तुकडा या फोनातून त्या फोनात जायला चहा उकळायला लागतो तेवढा वेळ लागे. तेवढा वेळ दोन माणसांना शेजारी उभं राहावं लागे. शेजारी या शब्दाचा हा अर्थ आम्ही विसरलोच होतो. इतकी वर्षं आम्ही लिफ्टमध्ये आकड्यांकडे बघत उभे राहायचो. आता फोनकडे बघत उभे राहायला लागलो, आणि फोनवर बघण्यासारखं काही नसल्यामुळे शेवटी माणसाकडे बघावं लागलं. बाथरूमच्या गळतीवरून अबोला धरलेली दोन घरं जिन्यात उभी राहिली आणि तुकडा पोचायच्या आत गळती कुणाची हे निघालं. दोघांचीही नव्हती, तिसऱ्याची होती. त्यामुळे त्या दोघांची मैत्री फार घट्ट झाली.

या सगळ्या यशाच्या धुंदीत मी ती चूक केली.

चाचणी घ्यायला मोठी फाईल हवी, असं सुचिता म्हणाली. माझ्या फोनमधली सर्वांत मोठी फाईल म्हणजे काशीमावशीचा व्हिडिओ. ही काशीमावशी म्हणजे करावे गावातली धवलारीण. आगरी-कोळी लग्नांत हळदीपासून सगळे विधी धवलारणीच्या गाण्यावर चालतात. ती गाते त्याला धवले म्हणतात, आणि ती गायल्याशिवाय हळदीचा पहिला हात लागत नाही. फ्लॅटचा ताबा मिळेपर्यंत मी आणि माझी बायको राजेश्वरी तिच्याच घरात भाड्याने राहिलो. आम्ही साताऱ्याकडची माणसं, आम्हाला बोंबील आणि बांगडा यांतला फरक तिने शिकवला. गेल्या वर्षी गावातल्या गोटीरामच्या मुलीची हळद होती, तेव्हा मी तिचं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिपून घेतलं होतं.

ती फाईल मी 'हातोहात'मध्ये सोडली. तिचे तुकडे झाले, सोसायटीभर गेले. ॲपने हिरवी खूण दाखवून सांगितलं की आपली फाईल आता सुरक्षित आहे. त्याच वेळी माझ्या फोनने सांगितलं की आपल्याकडे जागा उरलेली नाही. मी विचार केला, एवढ्या लोकांनी सांभाळलेली वस्तू आपण कशाला सांभाळायची? आणि मूळ व्हिडिओ पुसून टाकला. सोसायटीत राहणाऱ्या माणसाला हा विचार अगदी सहज सुचतो.

महिन्याभराने काशीमावशीचा मुलगा हरेश दारात आला. एरवी आत येता येता राजेश्वरीला चहा सांगणारा माणूस चपला काढून नुसता उभा राहिला.

"काका, आईचा गल्याचा ऑपरेशन झाला, तुमाना ठावं हाय. जीव वाचला. आवाज नाय वाचला."

आम्हाला माहीत होतं. राजेश्वरी हॉस्पिटलात जाऊन आली होती.

"माजे पोरीची, भाविकाची हलद हाय. पोरगी बोलतंय, आजीचे आवाजाबिगर मी पाटावर बसनारच नाय. आख्ख्या गावाचे पोरींना आजी गायली, आन माजेच हलदीला दुसरी कोन गानार? दुसरी धवलारीन बोलवली त पोरगी आयकत नाय. आई बिचारी भिंतीकरं तोंड करून पडून ऱ्हाते. तुमी गोटीरामचे घरा व्हिडिओ काढलेला ना? त्यो द्याल काय?"

"देतो की!" मी म्हणालो. "तुझ्या आईचा आवाज आमच्याकडे अगदी सुरक्षित आहे."

राजेश्वरीने माझ्याकडे पाहिलं. संसार मुरला की बोलावं लागत नाही.

हरेश गेल्यावर मी सुचिताकडे धावलो. तिने फोन बघितला, कपाळावर हात मारला. "काका, मूळ फाईल डिलीट केलीत? तुकडे आहेत हो, पण ते ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या जवळ प्रत्यक्ष जाऊन उभं राहावं लागेल. एकेक परत घ्यायचा."

म्हणजे एका काशीमावशीचा आवाज परत मिळवण्यासाठी मला सोसायटीतल्या अर्ध्या लोकांच्या अंगाला चिकटून उभं राहायचं होतं.

मी लागलो कामाला. एका घरात तुकडा येईपर्यंत मला त्यांच्या मुलाचं नाट्यछटेचं पाठांतर ऐकावं लागलं. एका घरात डायनिंग टेबल सरकवायला हात लावावा लागला. सगळ्यांना मी काशीमावशीची गोष्ट सांगत होतो, आणि गंमत म्हणजे तुकडा येऊन गेल्यावरही लोक मला सोडत नव्हते. "मग काय म्हणते ती मुलगी? बसली का पाटावर?" गाव आमच्या संडासाच्या खिडकीतून दिसतं, पण त्या गावातल्या एका मुलीचं नाव आमच्या सोसायटीला आत्ता कळत होतं.

तळमजल्यावरच्या जोतीरामांकडे एक तुकडा होता. जोतीराम माझ्याच जिल्ह्याचे. वाशीच्या मार्केटात त्यांनी जन्मभर माथाडी काम केलं. आता निवृत्त आहेत, तरी रोज सकाळी आपल्या टोळीची माणसं बघायला मार्केटात जातात. घरी ते फोन बंद करून उशीखाली ठेवतात. म्हणून मी वाशीला गेलो. घाऊक मार्केटात कुणाच्या शेजारी स्वस्थ उभं राहणं ही कल्पनाच कुणाला मान्य नाही. मागून "पाय, पाय, पाय!" अशी आरोळी आली आणि पोतं घेतलेला एक जण माझ्या अंगावरून गेला. एका गाळेवाल्याने विचारलं, "घेणार काय? घेणार नसाल तर वाट सोडा."

"घ्या की एक पोतं," जोतीराम म्हणाले. "त्याबिगर हितं हुबं ऱ्हाऊ देत न्हाईत."

तुकडा आला. सोबत कांद्याचं पोतंही आलं. राजेश्वरीने दार उघडलं, पोत्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हाही आवाज का?"

असं करता करता सगळे तुकडे जमले. एक सोडून.

तो तुकडा दोघांकडे होता. त्यातला शौनक नावाचा भाडेकरू खांदेश्वरला राहायला गेला होता. मी रिक्षाने खांदेश्वर गाठलं. त्याने माझं फार अगत्याने स्वागत केलं आणि आपला नवाकोरा फोन दाखवला. जुना त्याने एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला होता. उरला एकच फोन, श्यामसुंदररावांचा.

इथे एक जुनं प्रकरण सांगायला हवं. गोटीरामच्या घरच्या त्याच हळदीच्या दिवशी रात्री दहाच्या ठोक्याला श्यामसुंदररावांनी पोलिसांना फोन केला होता. नियम त्यांच्या बाजूने होता. पोलीस आले, हळदीत वाजणारा बेंजो बंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या गेटला आडवी एक होडी लावलेली सापडली. गेटसमोर गाडी लावली तर काय करायचं हे आमच्या नियमावलीत आहे, होडीचं नाही. तेव्हापासून, आमचं एक घर सोडलं तर, गाव आणि सोसायटी यांच्यात बोलणं नव्हतं.

मी श्यामसुंदररावांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी ते डोळे मिटून ऐकलं.

"अर्ज द्या."

"कशाचा?"

"माझ्या ताब्यातील तुकड्याच्या परताव्याचा. कमिटीपुढे ठेवतो."

"अहो, हळद परवा आहे!"

"कमिटी पुढच्या महिन्यात आहे. शिवाय," ते उठले आणि त्यांनी कपाटातून एक स्टीलचा डबा आणला, "देखरेख संपल्यापासून माझा फोन बंद असतो आणि यात असतो. रेडिएशन. अगदीच गरज पडली तर बाहेर काढतो."

"गरज म्हणजे?"

"आवाज मोजायला. डेसिबल मोजण्याचं ॲप आहे माझ्याकडे. तक्रारीला आकडा लागतो."

तरी मी आशा सोडली नाही. न जाणो, कधी फोन उघडतील, म्हणून मी त्यांच्या दाराबाहेर चपलांच्या रॅकशेजारी थोडा वेळ उभा राहिलो. संध्याकाळी पुन्हा राहिलो. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर आलं, 'ज्येष्ठ सदस्यांनी इतर सदस्यांच्या पादत्राणांजवळ विनाकारण रेंगाळू नये.' नाव नव्हतं. नाव असतं तर बरं झालं असतं. आता सोसायटीतले सगळेच ज्येष्ठ एकमेकांकडे संशयाने बघत होते आणि मग माझ्याकडे निश्चितपणे.

हरेशला मी खरं काय ते सांगितलं. त्याने खाली मान घालून ऐकलं. "काका, ज्यांनी तुकरे दिले त्यांना मी सोता अक्षत द्याला येतंय. आमचेकरं बोलावल्याबिगर कोन येत नाय. पन त्याचे दारात मी जायाचा नाय. आन बोलवला तरी तो येल काय?"

"तो बोलावल्यावर नाही येणार," राजेश्वरी कांदे निवडता निवडता म्हणाली. एवढ्या कांद्यांचं दुसरं काय करणार? "तो कशावर येतो ते आख्ख्या सोसायटीला माहीत आहे."

हरेशला कळायला क्षणभर लागला. मला दोन क्षण लागले.

"वयनी," हरेश म्हणाला, "तुमी आमचे गावात जन्माला येवाला पायजे होता."

हळदीच्या दिवशी दुपार उतरताच हरेशने बेंजोवाल्यांना सांगितलं की तोंड सोसायटीकडे करा. स्पीकर आमच्या बिल्डिंगकडे वळले. त्यानंतर जे झालं त्याचं वर्णन मी करत नाही, फक्त आमच्या स्वयंपाकघरातली भांडी आपापल्या जागेवरून सरकली एवढं सांगतो. कायद्याने त्या वेळी बंदी नव्हती, पण श्यामसुंदररावांच्या मते कायदा ही किमान अट असते.

मी आणि राजेश्वरी मांडवात पोचलो तेव्हा जोतीराम, सुचिता आणि आमच्याकडची बरीच मंडळी आलेली होती. ठेवणीतले कपडे घालून, एका बाजूला, फोन हातात धरून, परीक्षेला आल्यासारखी. काशीमावशी आतल्या ओटीवर गळ्याला पांढरा रुमाल बांधून बसली होती. कुणाकडेच बघत नव्हती. पाट मांडलेला, हळद कालवलेली, आणि भाविका पाटावर बसायच्या ऐवजी दाराला टेकून उभी. बाया एकमेकींत कुजबुजत होत्या. दुसऱ्या धवलारणीला निरोप धाडायचा की नाही यावर बोलणं आलं होतं.

एवढ्यात मांडवाच्या तोंडाशी श्यामसुंदरराव उगवले. फोन डब्याबाहेर होता. तो त्यांनी देवळात आरती धरतात तसा पुढे धरला होता.

हरेशने हात वर केला. बेंजो बंद.

श्यामसुंदररावांनी फोनकडे पाहिलं. आकडा घसरत घसरत मांजराच्या चालीइतका झाला. एखाद्याने कडकडून भांडायला यावं आणि समोरच्याने आधीच माफी मागावी, तसा त्यांचा चेहरा झाला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "बंद केलात. असंच राहू द्या." आणि ते वळले.

सुचिता माझ्या कानाशी म्हणाली, "काका, त्यांचा फोन तुमच्या फोनला जोडला गेलाय! पण आत्ताच सुरू झालाय. जाऊ देऊ नका!"

गेलं वर्षभर ज्या माणसाने इथून जावं असं सगळ्या गावाला वाटत होतं, त्याने थांबावं म्हणून सगळं गाव पुढे झालं.

"साहेब, आसं कसं?" हरेश म्हणाला. "मोजल्याबिगर जाताव?"

"मोजायला काही नाही आता."

"मगाशी व्हतं ना! लिवून घ्या. आमी कबूल हाव."

"आवं सेक्रेटरी," जोतीराम पुढे झाले, "त्ये टॉवरचं इचारायचं व्हतं. माझी गुडघेदुखी टॉवर गेल्यापास्नं वाढली. टॉवरमुळं दबून ऱ्हायली हुती का?"

श्यामसुंदरराव थांबले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. ते उत्तर द्यायला लागले, आणि मी मनातल्या मनात जोतीरामांच्या गुडघ्यांना नमस्कार केला. पण उत्तर लवकर संपलं. जोतीरामांना दुसरा आजार आठवेना. श्यामसुंदरराव पुन्हा वळले. सुचिताने मान हलवली, अजून नाही.

मग काशीमावशी उठली.

ती ओटीवरून उतरली, माणसांतून वाट काढत आली आणि तिने श्यामसुंदररावांचं मनगट धरलं. काही बोलली नाही. बोलूच शकत नव्हती. तिने एका खुर्चीकडे बोट केलं. श्यामसुंदरराव म्हणाले, "नको, मला काम आहे." ती बघत राहिली. ते म्हणाले, "खरंच नको." ती बघत राहिली. या माणसाने सबंध आयुष्य लोकांच्या उलट बोलण्यावर काढलं होतं. उलट न बोलणारं माणूस समोर आलं की काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. ते बसले. तिने त्यांच्या हातात सरबताचा पेला दिला आणि मनगट काही सोडलं नाही.

त्यांनी तिच्या गळ्याच्या रुमालाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटतं, मी सांगितलेलं त्यांनी त्या दिवशी खरंच ऐकलं होतं, फक्त ते ज्याच्याबद्दल होतं ते माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी फोन खिशात घातला नाही. सरबताच्या पेल्याशेजारी तो मांडीवर नीट, सपाट ठेवला, आणि दुसऱ्या हाताने सुचिताला खूण केली, घे.

"आला," सुचिता म्हणाली.

हरेशने माझा फोन स्पीकरला जोडला. मांडवात इतकी शांतता झाली की खाडीवरच्या वाऱ्याने पताका फडफडत होत्या तेवढंच ऐकू येत होतं. भाविका येऊन पाटावर बसली. पाच सवाष्णींनी हळदीत हात बुडवले.

आणि काशीमावशीचा आवाज आला. तोच, थोडा घोगरा, ओढून धरलेला. म्हाताऱ्या बायांनी डोळ्याला पदर लावले. काशीमावशी स्वतः मान कलती करून ऐकत होती. नवशिक्या गाणारणीचं गाणं ऐकावं, तशी, चुका शोधत. मी मनात म्हटलं, झालं. एवढी वणवण सार्थकी लागली. मी हळूच कोट ओढून सरळ केला, न जाणो कुणी माझ्याकडे बघेल.

'पयली हलद कुनाचे गालाला,' आवाज म्हणाला, 'गोटीरामचे दर्शनाचे गालाला...'

सवाष्णींचे हात हवेत थांबले.

दर्शना, म्हणजे गोटीरामची मुलगी, कडेवर बाळ घेऊन दुसऱ्या रांगेत उभी होती. ती म्हणाली, "अगो बाय! माजी हलद झाली की कवाच!"

सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. धवल्यात ओळीओळीला नवरीचं नाव येतं, आणि मी टिपलेली हळद गोटीरामच्या मुलीची होती. हे मला माहीत असायला हवं होतं. मी तिथे हजर होतो. तिच्या जेवणाला मी तीन वेळा रस्सा घेतला होता.

"काका," हरेश हळूच म्हणाला, "नाव नाय बदलला तुमी?"

"मी कसं बदलणार?"

"आमाना वाटला त्यासाठीच तुमी इतके दिवस फिरताव. एवरे लोकांकरं जाऊन नाव बदलून आनताव."

मी सुचिताकडे पाहिलं. सुचिताने आपल्या चपलांकडे पाहिलं. भाविकाचा चेहरा पडला होता. एवढे तुकडे जोडून आम्ही त्या मुलीला दुसरीच्या नावाची हळद लावायला निघालो होतो. आयुष्यात मला अनेकदा वाटलंय की आपण इथे नसतो तर बरं झालं असतं, पण त्या वेळी पंपरूमच्या फरशीवरच्या त्या फोनने घेतलेली शंका मला प्रथमच आधारासारखी वाटली.

काशीमावशीने श्यामसुंदररावांचं मनगट सोडलं. ती पाटाजवळ गेली आणि बोटाने गोल फिरवून दाखवलं, पहिल्यापासून. हरेशने पहिल्यापासून लावलं. ती उभी राहिली, एक हात कमरेवर, एक हात छातीशी. 'पयली हलद कुनाचे गालाला,' स्पीकरमधून तिचाच आवाज आला, आणि नाव यायच्या नेमकं आधी तिने हात उचलून बायांकडे केला.

कुणाला समजलं नाही. फक्त एका बाईने दबकत म्हटलं, "भाविकाचे."

काशीमावशीने तिच्याकडे असं पाहिलं की पुढच्या ओळीला सगळ्या बाया म्हणाल्या, "हरेशचे भाविकाचे!" खालून दर्शनाचं नाव येत होतं, वरून यांनी ते झाकून टाकलं. पुढच्या ओळीला पुरुष मिळाले. त्याच्या पुढच्या ओळीला काशीमावशीने हात आमच्याकडे केला, सोसायटीकडे. आम्ही सामुदायिक असं फक्त राष्ट्रगीत म्हणतो, तेही ओठ हलवून. पण जोतीरामांनी मार्केटातला आवाज काढला, "भाविकाचे!" आणि आम्ही सगळे त्यांच्या मागून. खुद्द दर्शना बाळाला सांभाळत स्वतःचं नाव झाकण्यासाठी सगळ्यांत जोरात ओरडत होती.

भाविका पाटावर हसत होती आणि रडत होती आणि तिच्या गालाला हळद लागत होती. काशीमावशी आपल्याच आवाजाला ताल देत, कुणी कुठे शिरायचं ते हाताने सांगत मांडवभर फिरत होती. मला कळेना, गातंय कोण? स्पीकर, की ती, की आम्ही?

शेवटच्या कडव्याला श्यामसुंदररावांच्या गालालाही कुणीतरी हळद लावली होती. ते उभे राहिले, छाती भरून घेतली आणि नाव यायच्या आधीच ओरडले, "भाविकाचे!"

काशीमावशी थबकली. तिने त्यांच्याकडे बोट रोखलं आणि ते हवेत तसंच धरलं. थांब.

श्यामसुंदरराव तोंड उघडं ठेवून थांबले. त्यांच्या मागे सगळी सोसायटी थांबली, गाव थांबलं. स्पीकरमधून ओळ आली, नावाच्या कडेपर्यंत पोचली, आणि तिने बोट खाली केलं.